शिवणीतली माया

कोट काखेत उसवला म्हणून गेले होते मी
धुडकू शिंप्याकडे, पारोळ्यात, किल्ल्याच्या अंगाला;
ज्या दुकानातून त्याला काढायचा दावा चालू आहे
त्याच दुकानात.
तो माझा अशील. प्रतिवादी क्रमांक एक. दोन नाहीच.

कैफियत मीच लिहिली होती, चौदा महिन्यांपूर्वी.
परिच्छेद तीनमधील मजकूर खोटा व नाकबूल.
परिच्छेद चारमधील मजकूर खोटा व नाकबूल.
भाडे थकलेले नाही, वादी पावत्या देत नाही,
सबब दावा खर्चासह रद्द व्हावा.
खाली सही, शिक्का, आणि मी घरी जाऊन जेवले.

तोंडात टाचण्या धरून तो कोट उलटा करत होता.
अस्तराखाली बोट घातलं, म्हणाला,
"माया शे ताई, दोन बोटं. शिवनाराले अक्कल व्हती."
मग टाचण्या काढून, सहज,
"बँडना डगलासमा बी मी अशीच माया ठेयेल व्हती.
बावीस डगला. लाल, सोनेरी गोटाना.
पैसा आजून दिन्हात नही त्यानी."
कोणी?
"बडगुजरशेठनी. त्यासनाच बँड शे ना."

मोतीलाल नथू बडगुजर. धंदा व्यापार. वादी.
कधीचं हे?
"गयी आखाजीना पहिलेनी आखाजी."
मग मला आधी का नाही सांगितलं?
"तुम्ही भाडानं इचारं, ताई.
डगलासनं कोन इचारं?"

रात्री पंख्याखाली नियम सहा-अ काढला.
प्रतिदाव्याचं कारण कैफियतीच्या आधीचं हवं. होतं.
येणं तीन वर्षांच्या आतलं हवं. होतं,
तिसऱ्या आखाजीच्या कैऱ्या अजून धरायच्या होत्या.
आणि उशीर?
उशिराला तिथे तारीख नाही, उंबरा आहे:
कोर्टाने मुद्दे काढले की दार लागतं.
हे मला पुस्तकापेक्षा दुकानात जास्त कळलं होतं.
खडूची रेघ आहे तोवर माप बदला,
कात्री चालल्यावर कापडाला काय सांगणार?

मुद्द्यांची तारीख मंगळवार. हा रविवार.

सोमवारी वीज गेली, आली, पुन्हा गेली.
रमजानभाईने मोबाइलच्या उजेडात स्टॅम्प चिकटवले.
पुरावा म्हणून धुडकूची मापांची वही:
क्लॅरिनेट, छाती चौतीस.
ट्रम्पेट, छाती छत्तीस, डावा खांदा उतरता.
मोठा ढोल, छाती बेचाळीस, पोट जास्त.
बावीस माणसं उभी होती त्या वहीत, हात वर करून,
आणि शेवटी, आडव्या अक्षरात,
'माल मिळाला', मो. न. बडगुजर.

मंगळवारी समोरचे वकील म्हणाले,
चौदा महिने प्रतिवादी झोपले होते का?
मी म्हटलं, नाही मॅडम. मी झोपले होते.
कोर्टात कोणीतरी खोकलं.
मॅडमनी पेन खाली ठेवलं, शिरस्तेदारांना विचारलं,
मुद्दे निघालेत का?
पानं उलटली. एक पान दुसऱ्याला चिकटलेलं.
"नाही मॅडम. मागच्या तीन तारखांना
आपण ट्रेनिंगला होतात."

तर असा, कोर्टाच्या उशिराच्या मायेत
आमचा उशीर मावला.

परवानगी मंजूर. खर्च रुपये पाचशे.
व्हरांड्यात धुडकूने नोट मोजून दिली, एकच होती तरी मोजून,
"एक डगलानी शिलाई गयी.
एकईस ऱ्हायनात."

आता बडगुजरशेठ लिहितील,
परिच्छेद दोनमधील मजकूर खोटा व नाकबूल.
लिहू देत. पुढची तारीख सतरा.
निकालाचं मी त्याला काहीच सांगितलेलं नाही,
मला माहीत नाही म्हणून.

कोटाचे चाळीस रुपये झाले.
राहू द्या म्हणाला तो.
मी तिथल्या तिथे दिले,
आणि वहीत लिहायला लावले.